सोनेरी ‘झेल्डा’: कार्ट्रिज पारखायचं कसं, किंमत ठरवायची कशी

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जुन्या व्हिडिओ गेमचं सोनेरी कार्ट्रिज (गेम मशिनमध्ये खोचायची प्लास्टिकची वडी) दिसलं की बहुतेकांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. पण निन्टेन्डोने या गेमच्या जगभरात ६५ लाखांहून जास्त प्रती विकल्या आणि अमेरिकेत १९८७ साली आलेलं कार्ट्रिज सोनेरीच होतं. म्हणजे सोनेरी रंग हा त्या गेमचा नेहमीचा माल. कमी उरलाय तो पुठ्ठा आणि कागद. खोका पहिल्याच दिवशी फाटायचा, नकाशावर पेनाने खुणा व्हायच्या, पुस्तिका कुठेतरी पडून जायची. म्हणून हा गेम जमवताना आधी कागद बघायचा आणि मग प्लास्टिक. पैसे नेमके कशाचे मोजतोय हे त्यातूनच कळतं.

आधी आवृत्ती ओळखा

गेम पहिल्यांदा आला तो जपानमध्ये, २१ फेब्रुवारी १९८६ला, फॅमिकॉम डिस्क सिस्टिमबरोबर. फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोचं जपानी गेम मशिन आणि डिस्क सिस्टिम म्हणजे त्याला जोडायचा डिस्क ड्राइव्ह. तो कार्ट्रिजवर नव्हता, पिवळ्या डिस्कवर होता. या डिस्क घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. जपानी दुकानांत डिस्क रायटर नावाची यंत्रं होती आणि ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा गेम भरून मिळायचा. त्यामुळे वर लेबल ‘झेल्डा’चं आणि आत भलताच गेम, असं सर्रास आढळतं. डिस्क चालू करून पहिला पडदा दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये. पिवळ्या डिस्कला सरकतं झाकणही नसतं, चुंबकीय भाग उघडाच राहतो. त्यावर बोटांचे ठसे, ओरखडे किंवा बुरशीचे पांढुरके डाग दिसले तर सोडून द्या. आणि डिस्क वाचली जात नसेल तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. जुन्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा कालांतराने विरघळून चिकट होतो, तो बदलला की बऱ्याचदा सगळं सुरळीत चालतं.

डिस्क आवृत्तीचं कौतुक संग्राहक करतात ते उगाच नाही. तिच्यात आवाजाची एक जादा वाहिनी आहे, आणि फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन असल्याने त्यात ओरडून ‘पोल्स व्हॉइस’ नावाचे लांब कानांचे राक्षस मारता येतात. अमेरिकी पुस्तिकेत त्याला आवाज आवडत नाही ही सूचना तशीच राहिली, मायक्रोफोन मात्र त्या मशिनला नव्हताच. कित्येक मुलांनी त्याच्यासमोर बासरी वाजवून पाहिली असेल! जपानमध्ये १९ फेब्रुवारी १९९४ला हाच गेम फॅमिकॉमच्या कार्ट्रिजवरही आला. ती उशिराची आवृत्ती असल्याने तुलनेने कमी दिसते.

अमेरिकेतली आवृत्ती ऑगस्ट १९८७ची. तिच्या खोक्याच्या दर्शनी बाजूला पुठ्ठा कापून एक छोटी खिडकी ठेवलेली असते आणि तिच्यातून आतलं सोनेरी कार्ट्रिज दिसतं. पुढे हाच गेम ‘क्लासिक सिरीज’ म्हणून राखाडी कार्ट्रिजमध्ये निघाला. राखाडी म्हणजे हलकं किंवा नकली असा गैरसमज आहे. उलट सोनेरी जितकं समोर येतं तितकं हे येत नाही, तेव्हा स्वस्तात मिळालं तर सोडू नका.

युरोपातलं कार्ट्रिज बाहेरून तसंच दिसतं, पण आतली लॉकआउट चिप (दुसऱ्या प्रदेशाचं कार्ट्रिज मशिनवर चालू न देणारी) वेगळी असते. अमेरिकी चिपवर ३१९३, युरोपातल्या बहुतेक देशांच्या चिपवर ३१९५ आणि ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलियासाठी ३१९७ हे आकडे येतात. मशिन आणि कार्ट्रिज वेगळ्या प्रदेशाचे असतील तर पडदा सेकंदासेकंदाला लुकलुकत राहतो. कार्ट्रिज बिघडलंय असं समजून कोणी ते अर्ध्या किमतीत विकत असेल, तर तुमचा फायदाच. जपानी फॅमिकॉमचं कार्ट्रिज ६० पिनांचं आणि एनईएसचं (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे अमेरिका-युरोपातलं मशिन) ७२ पिनांचं असतं, ती अदलाबदल अडॅप्टरशिवाय होत नाही.

खोक्यावरचे बारीक फरक

अमेरिकी खोक्यांच्या छपाया एकामागून एक झाल्या आणि प्रत्येकीत किरकोळ बदल होत गेले. निन्टेन्डोचा गुणवत्तेचा शिक्का आधी गोल होता, नंतर लंबगोल झाला. ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावापुढे सर्वांत सुरुवातीला ‘टीएम’ ही ट्रेडमार्कची खूण होती, मग नोंदणीकृत ट्रेडमार्कचा वर्तुळातला ‘आर’ आला. त्यानंतरच्या छपाईत ‘रेव्ह-ए’ अशी बारीक अक्षरं दिसतात. क्रम ध्यानात ठेवायचा तर असा: गोल शिक्का आणि ‘टीएम’, मग गोल शिक्का आणि ‘आर’, मग ‘रेव्ह-ए’ असलेले गोल शिक्क्याचे, आणि शेवटी लंबगोल.

जुलै २०२१मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात याच गेमचा एक सीलबंद खोका ८ लाख ७० हजार डॉलरला गेला. तेव्हापासून लोक घरातलं सुटं कार्ट्रिज काढून स्वप्नं बघायला लागले. तो खोका सुरुवातीच्या छपाईचा होता, कधीच न उघडलेला होता आणि गेमची अवस्था तपासून श्रेणी देणाऱ्या वाटा कंपनीने त्याला ९.० अशी श्रेणी आणि प्लास्टिकच्या आवरणाला ‘ए’ दिली होती. यातली एक जरी अट नसेल तरी तो आकडा तुमच्या वस्तूला लागू होत नाही. उघडलेल्या खोक्यांत छपाईच्या क्रमाने थोडा फरक पडतो, पण दुमडलेला कोपरा किंवा फाटलेली खिडकी त्याहून कितीतरी जास्त किंमत खाते. विक्रेता फक्त गोल शिक्क्यावर बोलत असेल आणि कोपऱ्यांचे फोटो देत नसेल, तर आधी फोटो मागा.

खरं की नकली

सोबत हवं ते सामान थोडकं आहे: ३.८ मिलिमीटरचा निन्टेन्डो सिक्युरिटी बिट, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मल्टिमीटर आणि चांगला पांढरा उजेड.

लेबलपासून सुरुवात करा. अमेरिकी कार्ट्रिजवर ‘एनईएस-झेडएल-यूएसए’ हा कोड असतो. भिंगातून चित्राचा भाग पाहिला तर ऑफसेट छपाईचे रंगीत ठिपके ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात आणि बारीक काळी अक्षरं काठाला धारदार असतात. घरगुती प्रिंटरच्या लेबलात शाईचे तुषार विखुरलेले दिसतात, अक्षरांच्या कडा पिसारलेल्या असतात. लेबल खूप पांढरं, कोपरे अगदी कोरे आणि कार्ट्रिज मात्र ओरखड्यांनी भरलेलं, असं असेल तर लेबल बदललेलं आहे असं समजा. लेबलाची वरची कड कार्ट्रिजच्या माथ्यावर वळते, खऱ्यात ती घडीजवळच सर्वांत आधी झिजते.

बाहेरून शंका आली किंवा किंमत मोठी असली तर उघडून पाहावंच. मागचे स्क्रू काढा. साधारण १९८७पर्यंतच्या एनईएस कार्ट्रिजना सपाट खाचेचे पाच स्क्रू असायचे, नंतर तीन सिक्युरिटी स्क्रू आणि वरच्या कडेला आतून अडकणाऱ्या खाचा आल्या. तीन स्क्रूंचं कवच पिनांच्या बाजूने अलगद उचलायचं. वरून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर खाचा तुटतात आणि कडेला कायमची खूण राहते. चुकीच्या बिटने स्क्रूची डोकी घासली गेली असतील तर कार्ट्रिज आधी कुणीतरी उघडलंय हे कळतं. त्यात घाबरण्यासारखं नाही, बॅटरी बदललेली असेल. पण विक्रेत्याला विचारा.

आतला सर्किट बोर्ड ‘एसएनरॉम’ प्रकारचा असतो. त्यावर १२८ किलोबाइटची प्रोग्रॅम रॉम, आठ-आठ किलोबाइटच्या दोन रॅम चिप (एक चित्रांसाठी, एक सेव्हसाठी), एमएमसी१ ही मॅपर चिप (मेमरीचे भाग आलटून पालटून मशिनसमोर आणणारी), लॉकआउट चिप आणि बॅटरी एवढं सगळं बसलेलं दिसलं पाहिजे. प्रोग्रॅम चिपवर ‘एनईएस-झेडएल-० पीआरजी’ असं छापलेलं असतं, सुधारित आवृत्तीत शून्याच्या जागी १ येतो. बोर्डावर निन्टेन्डोचं नाव असतं. चिपच्या जागी काळ्या डिंकाचा गोळा, चिपांवर स्टिकर, हाताने ओढलेल्या तारा किंवा बॅटरीच नाही, यांपैकी काहीही दिसलं तर बोर्ड मूळचा नाही. एक फसवणूक मात्र यातूनही सुटते: अस्सल बोर्ड आणि नकली सोनेरी कवच. त्यासाठी दोन अस्सल कार्ट्रिजांचे आतले फोटो जवळ ठेवून साच्यातली अक्षरं, कोपऱ्यांची गोलाई आणि रंगाची चमक ताडून पाहायची.

कागदात नकली माल सर्वांत जास्त, कारण पैसा तिथेच आहे. छापून विकले जाणारे नवे खोके फोटोत हुबेहूब दिसतात. हातात घेतल्यावर घडीच्या रेषा बघा: जुन्या पुठ्ठ्याच्या घड्या झिजून पांढऱ्या पडतात, नव्या खोक्यात शाईच तडकते. खिडकीची कापलेली कड मूळ खोक्यात यंत्राने दाबून कापल्यासारखी एकसंध असते, नकलीत ती चाकूने कापल्यासारखी अडखळते. अतिनील दिवा असेल तर कोपऱ्यांवर मार्करने भरलेला रंग लगेच वेगळा उठून दिसतो. कोपऱ्यात रंग भरणं हे दुरुस्तीत मोडतं आणि सांगितल्याशिवाय विकलं तर फसवणुकीत. पुस्तिकेच्या पिना पाहा: चाळीसेक वर्षांच्या कागदात लखलखीत नव्या पिना म्हणजे पानं बदललीत किंवा पुस्तिकाच नवी आहे.

पूर्ण संच कशाला म्हणायचं? खोका, कार्ट्रिज, पुस्तिका, घडीचा नकाशा, कार्ट्रिजवरचं काळं प्लास्टिकचं आवरण आणि खोक्यात खाली बसणारा थर्माकोलचा ठोकळा. विक्रेते शेवटच्या दोन वस्तू विसरतात आणि तरी ‘कम्प्लीट’ लिहितात. आवरण आणि ठोकळा सगळ्या गेमना एकच असल्याने स्वस्तात मिळतात. नकाशाचं तसं नाही. यादीत नकाशा नसेल तर तो संच अपुरा आहे, बोलणी तिथूनच सुरू करायची.

सेव्ह चालतं का?

घरगुती गेममध्ये बॅटरीवर खेळ जपून ठेवणाऱ्या पहिल्या काही कार्ट्रिजांत झेल्डा येतो, त्यामुळे ‘चालतं’ याचा अर्थ फक्त चित्र येतं एवढाच नाही. चाचणी सोपी आहे. नवीन नाव नोंदवा, खेळ सुरू करा, स्टार्ट दाबून वस्तूंचा पडदा उघडा आणि दुसऱ्या कंट्रोलरवर ‘वर’ आणि ‘ए’ एकदम दाबा. मरायची वाट न बघता सेव्हचा पर्याय समोर येतो. सेव्ह करून रीसेटचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून मशिन बंद करा. वीज जाताना प्रोसेसर भरकटतो आणि सेव्हच्या रॅममध्ये कचरा लिहू शकतो, रीसेट दाबलेलं असलं की तो गप्प राहतो. कितीतरी ‘बॅटरी गेलेली’ कार्ट्रिजं खरं तर याच चुकीने पुसली गेलेली असतात. मग कार्ट्रिज बाहेर काढून रात्रभर ठेवा. सकाळी नाव तसंच असेल तर बॅटरी शाबूत. पाच मिनिटांनी तपासण्यात अर्थ नाही, थोडा वेळ रॅम शिल्लक विजेवरही तग धरते.

नाव म्हणून ‘झेल्डा’ अशी इंग्रजीत पाच अक्षरं टाकली तर खेळाची दुसरी, अवघड फेरी थेट सुरू होते. जुन्या मालकाचे सेव्ह आत असतील तर मात्र ते पुसण्याआधी एकदा बघून घ्या. १९८० च्या दशकातल्या मुलांनी टाकलेली नावं बघायला मजा येते.

बॅटरी सीआर२०३२, तीन व्होल्टची, पण पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेली. मल्टिमीटरने मोजून २.७ व्होल्टच्या खाली आली तर बदलायला काढा. जुने सेव्ह जपायचे असतील तर आधी कार्ट्रिज रीडर वापरून ते संगणकावर उतरवून घ्या, कारण बॅटरी निघाली की रॅम रिकामी होते. मग सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर तापवून, प्रत्येक पायाला थोडं फ्लक्स आणि ताजं सोल्डर लावून तीन-चार सेकंदांत पट्टी सोडवायची. जास्त वेळ टेकवलं की बोर्डावरचं तांब्याचं कडं उचललं जातं, आणि ते दुरुस्त करणं हा वेगळाच ताप. भोकं सोल्डर विकने (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) साफ करा, बोर्डावरचं ‘+’ चिन्ह पाहून पट्ट्यांची नवी बॅटरी बसवा. साध्या नाण्यासारख्या बॅटरीवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने ती फुटू शकते. टेपने चिकटवलेली बॅटरी तर काही दिवसांतच दगा देते. सुट्या कार्ट्रिजची किंमत बॅटरी नीट बदलल्याने पडत नाही, फक्त तसं सांगून विकायचं.

साफसफाई

पिनांवर फुंकर मारायची सवय पूर्ण सोडा. तोंडातल्या ओलाव्याने पिनांवर गंज धरतो. निन्टेन्डोनेही तसं करू नका म्हणून बजावलं होतं. कॉटन बडला किमान ९० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना उभ्या दिशेने पुसा, बड पांढरा निघेपर्यंत नवे घेत राहा, मग दहा मिनिटं वाळू द्या. हट्टी काळेपणावर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालतो. पितळ चमकवायचं पॉलिश मात्र नको. ते पिनांवरचा सोन्याचा पातळ थर खरवडून काढतं, आज चकाकणारी पिन पुढे लवकर काळी पडते.

सोनेरी कवचाला कोमट पाण्यात पिळलेलं मऊ कापड पुरे. लेबलाच्या कडेजवळ पाणी किंवा अल्कोहोल जाऊ देऊ नका. भाड्याच्या दुकानाचे जुने स्टिकर खोक्यावरून काढायचे असतील तर हेअर ड्रायर मंद ठेवून डिंक मऊ करा आणि अगदी सावकाश, कागदाला समांतर ओढा. छपाई सोबत उठू लागली की तिथेच थांबा. स्टिकर असलेला खोका सोललेल्या खोक्यापेक्षा बरा.

किंमत कशी काढायची

मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. लिलाव साइटवर ‘विकलेले’ हा गाळणी पर्याय लावून प्रत्यक्ष पूर्ण झालेले व्यवहारच मोजा. प्राइसचार्टिंगसारख्या साइटवर सुटं, संपूर्ण आणि सीलबंद असे तीन आकडे मिळतात. ते दिशा म्हणून ठीक, पण त्यांत फाटका आणि कोरा खोका एकाच रकान्यात पडतो.

गेल्या दोन-तीन महिन्यांतले, तुमच्या वस्तूच्या अवस्थेशी जुळणारे दहा व्यवहार घ्या आणि मधला आकडा काढा. फक्त हिशेब दाखवण्यापुरतं उदाहरण: सुट्या कार्ट्रिजचे व्यवहार ३१, ३३, ३४, ३४, ३५, ३६, ३८, ३९, ५५ आणि ९० डॉलर असे असतील, तर सरासरी ४२.५ येते आणि मधला आकडा ३५.५. खरेदीदार सहसा पस्तिसाच्या आसपासच देणार, सरासरीला नव्वदवाल्याने फुगवलंय. तो नव्वदवाला उघडून बघा, बहुधा सोबत पुस्तिका असेल किंवा एकत्र दोन गेम असतील.

अपुऱ्या संचासाठी वजाबाकी करायची. तशाच अवस्थेतल्या पूर्ण संचाची किंमत घ्या, त्यातून हरवलेल्या वस्तूची सुटी किंमत वजा करा आणि ती शोधायच्या कटकटीचे, टपालाचे पैसेही वजा करा. नकली खोका, नकली नकाशा यांची किंमत शून्य धरा. कार्ट्रिजमध्ये दोषाचं वजन असं लावतात: लेबल फाटणं सर्वांत वाईट, त्यावर पेनाने नाव लिहिलेलं त्याच्या खालोखाल, कवचावर किरकोळ ओरखडे तर गृहीतच. खोक्यात आधी खिडकीचे कोपरे, मग वरची-खालची झाकणं, मग दबलेल्या बाजू आणि शेवटी उन्हाने उडालेला रंग बघा. तुकडा गेलेला खोका घडी पडलेल्यापेक्षा नेहमी खाली.

विकणार असाल तर साइटचं कमिशन, पॅकिंग आणि टपाल वजा जाऊन हातात काय पडतं तोच आकडा खरा.

सीलबंद खोक्याच्या नादाला नवख्याने लागू नये, एवढंच स्पष्ट सांगावंसं वाटतं. निन्टेन्डोच्या एनईएस गेमच्या प्लास्टिकला मागच्या बाजूला आडवी जोड असते. नव्याने गुंडाळलेल्यांत जोड कडांना सरकते, कोपऱ्यांना घड्या पडतात आणि झेल्डात खिडकीवरचं प्लास्टिक वेगळ्याच ताणात दिसतं. पण सराईत हाताने केलेलं काम फोटोत ओळखू येत नाही, म्हणून वाटा किंवा व्हीजीएसारख्या श्रेणी देणाऱ्या कंपनीची श्रेणी नसलेला सीलबंद खोका सीलबंदच्या भावाने घेऊ नका. उलट उघडलेल्या साध्या संचाला श्रेणी घेणं बहुतेक वेळा परवडत नाही, कारण शुल्क, दोन्ही बाजूंचं टपाल आणि विमा मिळून फायदा गिळतात.

ठेवणं आणि पाठवणं

खोक्यासाठी ०.४ ते ०.५ मिलिमीटरचं पीईटी प्लास्टिकचं कव्हर घ्या. पीव्हीसी टाळा, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने बाहेर झिरपून छपाईला चिकटतो. पुस्तिका आणि नकाशा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत सपाट. नकाशा पुन्हा पुन्हा उलगडू नका, एकदा नीट स्कॅन करा आणि बघायचा तेव्हा तो स्कॅन बघा. तापमान १८ ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के आणि थेट उजेड नाही, एवढं जमलं तर कागद टिकतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळच्या वेळी बदला, ओलावा शोषून भरलेली पुडी काही कामाची नाही. खोके पुस्तकांसारखे उभे ठेवा, रचून नव्हे. खालच्या खोक्याची खिडकी आधी बसते.

टपालाने पाठवताना कार्ट्रिज खोक्यात ठेवू नका. वाटेत धक्के बसले की तेच आतून खिडकीच्या कडा फाडतं. कार्ट्रिज वेगळं गुंडाळा, रिकामा खोका कव्हरमध्ये घालून चारी बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर बबल रॅप भरा आणि सगळं जाड पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा. पॅक करण्याआधी खोक्याच्या सहा बाजू, खिडकीचे कोपरे, लेबल, सर्किट बोर्ड आणि नकाशाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. विम्याचा दावा करायची किंवा वस्तू परत घ्यायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतात.